कोनाड्यातला पायमोजा

भीमराज कंडक्टर कसा माणूस आहे असं कुणी विचारलं, तर मी आधी त्याचे दोष सांगतो. बावीस वर्षं ज्याच्यासोबत एका गाडीत काढली, त्याचे दोष सांगायचा हक्क मला आहे. माणूस हेकट. बोलायला लागला की मास्तर. सुट्या पैशांवरून कुणाशी भांडणार नाही, पण बाबा-बुवाचा विषय निघाला की गाडी वाशिमला पोचेपर्यंत प्रवाशाला सोडणार नाही. मी वैजनाथ, त्याचा ड्रायव्हर. कळमनुरी, हिंगोली, कनेरगाव नाका, वाशिम आणि परत, एवढंच आमचं जग होतं.

मी शनिवारी स्टिअरिंगच्या वर लिंबू-मिरची बांधायचो आणि तो हिंगोली यायच्या आत ती सोडायचा. वर म्हणायचा, “ब्रेक तपासला का? मग लिंबू कशाला पायजे?” मिरच्या मात्र फेकायचा नाही. दुपारी डबा उघडला की माझ्याच मिरच्या त्याच्या पिठल्यासोबत दिसायच्या. मी चिडायचो, तो खायचा.

पण एक गोष्ट मी दुसऱ्या कुठल्या कंडक्टरात पाहिली नाही. गाडीत कुणाची वस्तू राहिली की ह्या माणसाला घास उतरत नसे. छत्री, डबा, पिशवी, लेकराचं टोपरं, एकदा तर एका म्हाताऱ्याची कवळी. प्रत्येक वस्तूला चिठ्ठी बांधायचा: तारीख, सीट नंबर, कुठं चढला, कुठं उतरला. नियमानं ती कंट्रोलरकडं द्यायची आणि विसरून जायचं, पण हा विसरायचा नाही. एकदा तांड्यावरची एक बाई आरसे जडवलेली पिशवी विसरून गेली, तर सुट्टीच्या दिवशी हा सायकल काढून तांड्यावर गेला आणि पिशवी तिच्या हातात देऊन पाणीसुद्धा न पिता परत आला. कनेरगाव नाक्याला तर किती वेळा गाडी उभी करून प्रवाशाच्या मागं पळाला असेल. मी हॉर्न वाजवत बसायचो. “राहिलेली चीज मालकाकडं गेली पायजे,” एवढंच म्हणायचा. हा त्याचा धर्मच होता म्हणा.

त्याचा राग उगीच नव्हता. त्याच्या बापानं धम्म घेतला तेव्हा घरातले देव टोपलीत घालून कयाधू नदीत सोडले होते. देवांचा कोनाडा तेवढा रिकामा राहिला. त्यात पुढं बॅटरी, विजेची बिलं, काडेपेटी असलं काहीबाही पडत गेलं. पण देव गेले तरी भीती लगेच जात नाही. भीमराजची थोरली बहीण तापानं फणफणली तेव्हा आजीनं तिला लपून एका भगताकडं नेलं. तीन दिवस अंगारा लावला. चौथ्या दिवशी दवाखान्यात नेली, तोवर उशीर झाला होता. भीमराज तेव्हा नऊ वर्षांचा होता. पुढं त्याला एकच लेक झाली आणि ती पाळण्यात असतानाच त्यानं ठरवून टाकलं की ही डॉक्टर होणार.

लेकीचं नाव ज्योती. हुशार, हसरी, बापासारखीच हट्टी. इथं नंबर थोडक्यात हुकला तेव्हा तिनं रशियाला जायचं ठरवलं. कमलबाई, म्हणजे तिची आई, आठ दिवस जेवली नाही. भीमराज मात्र खूश. तरुणपणी नांदेडला पुस्तकांच्या प्रदर्शनात त्यानं स्वस्तातली रशियन विज्ञानाची पुस्तकं घेतली होती, गुळगुळीत कागदाची, रंगीत चित्रांची. तेव्हापासून त्याच्या डोक्यात रशिया म्हणजे असा देश, जिथं भूत नाही, भगत नाही, सगळी माणसं दुर्बिणीतून बघतात. “तिथं असलं काही चालत न्हाई,” असं तो मला लिंबाकडं बघत सांगायचा.

व्होल्गा नदीच्या काठचं शहर होतं. पहिलं वर्ष हॉस्टेलात काढून ज्योती एका म्हातारीच्या घरी खोली घेऊन राहायला गेली. म्हातारीचं नाव नीना पेत्रोव्ना. एकटी, सत्तरीची, खेड्यातून शहरात आलेली. आणि मग ज्योतीचे फोन यायला लागले, नि भीमराजचा रशिया एकेक वीट करून ढासळायला लागला.

म्हणे घरात शिट्टी वाजवायची नाही, लक्ष्मी निघून जाते. उंबरठ्यावरून वस्तू द्यायची-घ्यायची नाही, एक तर आत या नाहीतर बाहेर जा. विसरलेलं घ्यायला मागं फिरलात तर आरशात तोंड बघून मगच पुन्हा निघा. जिवंत माणसाला फुलं द्यायची ती विषम, जोडीची फुलं मेलेल्याला. आणि सगळ्यात वर म्हणजे घरात एक म्हातारा असतो, चुलीमागं राहतो, दिसत नाही, पण घर त्याचं. त्याला ‘दमोवोय’ म्हणतात. नीना पेत्रोव्ना खेड्यातलं घर सोडून आली तेव्हा जुन्या बुटात बसवून त्याला सोबत घेऊन आली. आता तिसऱ्या मजल्यावर चूल नाही, गॅस आहे, तर त्याच्यासाठी फ्रिजमागं दुधाची बशी असते.

भीमराजनं हे मला सांगितलं ते एखाद्या जवळच्या माणसानं दगा दिल्यासारखं. मी गाडी चालवता चालवता इतका हसलो की औंढ्याच्या फाट्यावर मला वेग कमी करावा लागला.

ज्योतीनं मला वेगळा फोन केला होता. म्हणाली, “काका, इथं सगळी तुमच्या पार्टीची माणसं हायेत.” आणि एक गोष्ट सांगितली ती माझ्या डोक्यात राहिली. तिथल्या जुन्या सरकारनं सत्तर वर्षं देव बंद ठेवले होते, देवळांची गोदामं केली होती, पण चुलीमागच्या म्हाताऱ्याला कुणी हलवू शकलं नाही. कारण तो कुठं देवळात राहत होता? ज्योती ह्यातलं काही मानत होती असं मला वाटत नाही. पण परक्या मुलखात जी बाई रोज रात्रीचं जेवण झाकून ठेवते तिचं सगळंच आपलं वाटायला लागतं, तसं झालं असावं.

दोन हजार चोवीसच्या उन्हाळ्यात, म्हणजे त्यांच्या उन्हाळ्यात, जुलैमध्ये ती महिना-दीड महिना घरी आली. येताना म्हातारीनं विणलेले पायमोजे घेऊन आली. करडी लोकर, वर लाल पट्टी, हाताला बोचणारे. इथं उकाड्यानं जीव चाललेला आणि ही ते मोजे घालून ओट्यावर बसायची. अख्खी गल्ली हसायची.

एका दुपारी मी तिथं चहाला गेलो होतो. भीमराज दुकानात गेला होता. तेव्हा ज्योती म्हणाली, “काका, तिथं आणखी एक म्हणतात. ज्या घरी माणूस वस्तू विसरते, त्या घरी ते परत येतंच.” मी म्हणालो, मग आमच्या गाडीत अर्धा जिल्हा परत चढायला पाहिजे. ती म्हणाली, “चढतातच की. पण बाबांना सांगू नका, चिडतील.” मी नाही सांगत म्हणालो. एवढंच बोलणं झालं.

ती निघाली त्या दिवशी मी निरोपाला गेलो होतो. नांदेडहून दिल्लीची गाडी पकडायची होती. बॅगा दारात आल्यावर तिनं सगळ्यांना खाली बसायला लावलं. निघायच्या आधी एक मिनिट गप बसायचं, ही तिथली रीत. घराला वाटतं कुणी जातच नाही. कमलबाई बसली, मी बसलो, शेजारची दोन लेकरं बसली. भीमराजही बसला, पण घड्याळ हातात घेऊन बसला आणि मिनिट भरताच उठला. तेवढ्यात ज्योती “आलेच” म्हणून आतल्या खोलीत गेली नि लगेच बाहेर आली. कुणाला त्यात काही वाटलं नाही.

तिसऱ्या दिवशी कमलबाई कोनाडा पुसत होती. बॅटरीच्या मागं, अगदी आत, घडी घालून ठेवलेला एक पायमोजा मिळाला. एकच.

कमलबाईनं तो होता तिथंच ठेवला होता. ती म्हणाली, राहू द्या, पोरीनं ठेवलाय. पण भीमराजच्या हाती राहिलेली वस्तू लागली होती. एका मोज्याचं ती तिथं काय करणार, बर्फात एका पायात मोजा घालणार का, असा त्याचा हिशेब. आखाडा बाळापूरचा प्रज्ञेश तिच्याच कॉलेजात दोन वर्षं मागं होता आणि तो आठवड्यानं निघणार होता. भीमराजनं दुपारची ड्यूटी बदलून घेतली, मोजा प्लास्टिकच्या पिशवीत घातला नि सवयीनं वर चिठ्ठी बांधली: नाव, तारीख, राहिल्याचं ठिकाण – कोनाडा.

बाळापूरला जाण्याआधी हे सगळं तो मला डेपोत मोठ्या कौतुकानं सांगत होता. आणि मला त्याच क्षणी कळलं होतं. घडी घालून, बॅटरीच्या मागं ठेवलेली वस्तू कुणी विसरत नसतं. माझ्या जिभेवर शब्द आले होते. पण त्याच दिवशी सकाळी हिंगोली स्टँडवर, भरल्या गाडीत, त्यानं माझं लिंबू खिडकीबाहेर फेकून दिलं होतं. नेहमीसारखं सोडून डब्यात ठेवलं नाही, फेकलं. प्रवासी हसले होते. मी मनात म्हणालो, ह्याला सांगून काय उपयोग, पुन्हा मलाच अडाणी म्हणणार. आणि म्हणालो, “जा, देऊन ये.”

मोजा पोचला तेव्हा तिचा फोन आला. हसली म्हणे. “बाबा, तुमी बी ना,” एवढंच. मला वेगळा मेसेज आला: ‘काका, तुमी सांगितलं न्हाई ते बरं केलं. पुढच्या बारीला दोन्ही ठेवून येते.’ तो मेसेज माझ्या फोनमध्ये अजून आहे. मी तो पुसू शकत नाही आणि उघडूही शकत नाही.

जानेवारीत ती गेली. कॉलेजातून येत होती, रस्त्याच्या कडेनं चालली होती. बर्फावर एका गाडीचा ताबा सुटला. कुणी दारू प्यालेलं नव्हतं, कुणी वेगात नव्हतं. मी ड्रायव्हर आहे, असले अपघात मला कळतात. चाक घसरलं की माणूस फक्त बघत राहतो. पण बावीस वर्षांच्या पोरीच्या बाबतीत हे कळून काय करायचं?

अकरा दिवसांनी पेटी आली. भंतेजींनी वंदना म्हटली. भीमराज सगळ्या विधीत ताठ उभा होता. एकानं बाजूला येऊन काही शांती करायची का, म्हणून हळूच विचारलं, तर त्याला त्यानं हात धरून दारापर्यंत नेऊन सोडलं. तेव्हा मला वाटलं, हा माणूस मोडणार नाही. आठव्या दिवशी तो कामावरही आला. तिकिटं फाडत होता म्हणा की मशीनवर बोटं मारत होता, पण मागं वळून गाडीकडं बघत नव्हता. त्या दिवसांत किती वस्तू राहिल्या असतील कोण जाणे.

फेब्रुवारीच्या शेवटी प्रज्ञेश आला. तिची बॅग घेऊन आला होता. पुस्तकं, स्टेथोस्कोप, स्वेटर, आणि दोन्ही पायमोजे एकात एक घालून. त्याच्या मोबाइलवर नीना पेत्रोव्नाचा व्हिडिओ होता. मी तिथंच होतो. ज्योतीची खोली दिसली. आरशावर चादर टाकलेली. टेबलावर तिचा फोटो, शेजारी पाण्याचा पेला आणि पेल्यावर पावाचा तुकडा. चाळीस दिवस माणसाचा जीव घराभोवतीच असतो, त्याला तहान लागते, म्हणून. मग म्हातारी बोलायला लागली. डोक्याला रुमाल, तोंडात दोन-तीन दात, रडत नव्हती, पण एकेक शब्द थांबून येत होता. प्रज्ञेश सांगत गेला. पोर सालस होती, मला माझ्या नातीसारखी होती. तिला घराची फार ओढ होती. एक मोजा तिनं बापाच्या घरी मुद्दाम ठेवला होता, परत जायचं म्हणून. तो परत आला त्या दिवशी मी तिला म्हटलं, पोरी, हे बरं झालं नाही. ती हसली, म्हणाली, माझे बाबा कंडक्टर आहेत.

प्रज्ञेशनं ते सरळ सांगून टाकलं. त्याला काय माहीत, मोजा कुणी पाठवला. म्हणजे त्यानंच नेला होता, पण पिशवीत काय आहे हे त्यानं उघडून बघितलं नव्हतं. भीमराज म्हणाला, “पुन्हा लाव.” प्रज्ञेशनं पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लाव म्हणाला तेव्हा कमलबाईनं मोबाइल पालथा घातला आणि आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्या घरी आला. खुर्ची दिली तरी बसला नाही. एवढ्या वर्षांत त्यानं मला कधी काही विचारलं नव्हतं, नेहमी सांगितलंच होतं.

“वैजनाथ, तू जनमभर हे मानत आलास. एक सांग. खरं असते का?”

मी शंकराची पिंड धुऊन नुकताच उठलो होतो, कपाळाला भस्म होतं. आणि मी म्हणालो, “खोटं असते. सगळं खोटं हाये. बर्फावर चाक घसरलं, बाकी काही न्हाई.”

तो म्हणाला, “खोटं म्हणावं, तर पोरीनं परत यायसाठी जे केलं ते फुकट गेलं. खरं म्हणावं, तर मी माझ्या हातानं... मी कोणतं धरू?”

मला तिथंच थांबता आलं असतं. पण माझ्या छातीत सहा महिने जे अडकलं होतं ते त्याच्यासमोर दाबून ठेवणं मला जमलं नाही. मी म्हणालो, “मला ठाऊक व्हतं. तिनं मला सांगितलं व्हतं, वस्तू ठेवली की माणूस परत येते म्हणून. तू बाळापूरला निघालास तवाच मला समजलं व्हतं.”

“मग बोलला काहून न्हाईस?”

काय सांगणार होतो? तिनं सांगू नका म्हटलं होतं, हेही खरंच होतं. पण ते कारण नव्हतं आणि खोटं बोलायची माझी हिंमत झाली नाही. “तू माझं लिंबू फेकलं व्हतंस,” मी म्हणालो.

त्यानं मारलं असतं तर बरं झालं असतं. पायात चपला घातल्या नि निघून गेला. मी बाहेर ओट्यावर बसून रडलो. माझी बायको विचारत राहिली.

त्यानंतर त्यानं ड्यूटी बदलून घेतली. नव्या ड्रायव्हरसोबत नांदेडच्या फेऱ्या. डेपोत समोरासमोर आलो तर मान हलवायचा, बोलायचा नाही. मे महिन्यात मी रिटायर झालो. नारळ, शाल, भाषणं झाली. तो आला नव्हता. माझ्याबद्दल सगळे चांगलं बोलले, पण जो खरं बोलला असता तो तिथं नव्हता.

एक गोष्ट मात्र कानावर आली. नव्या ड्रायव्हरनंच सांगितली. एक कॉलेजची पोरगी गाडीत ओढणी विसरून उतरली. पूर्वीचा भीमराज तिच्यामागं पळाला असता. आता त्यानं ओढणी उचलली, झटकली, घडी घातली आणि त्याच सीटवर ठेवली. त्या सीटवर दिवसभर कुणाला बसू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी पोरगी विचारत आली. तो तिला म्हणाला, “ठेवली हाये. तू येणार व्हतीस ना.” ड्रायव्हर म्हणाला, कंडक्टरसाहेबांच्या डोक्यावर जरा परिणाम झालाय. मी त्याला तिथंच झापलं.

ऑगस्टमध्ये मी धीर केला. ज्योती ज्या दिवसांत घरून निघाली होती तेच दिवस. कमलबाईनं दार उघडलं, आत घेतलं आणि चहा ठेवायला गेली. भीमराज बाजेवर बसला होता. केस एकदम पांढरे झालेले. मी समोर बसलो. पावसापाण्याचं बोललो, डेपोचं बोललो. तो हं हं करत होता. माझी नजर कोनाड्याकडं जात होती आणि मी ती परत आणत होतो.

शेवटी त्यानंच सांगितलं. कोनाड्यातली बॅटरी, बिलं, काडेपेटी सगळं काढून त्यानं तो चुन्यानं पांढरा केला होता. आत एकच पायमोजा, तिनं ठेवला होता तसाच, घडी घालून. दुसरा त्यानं प्रज्ञेशबरोबर परत त्या म्हातारीकडं पाठवला होता. तिनं मागितला होता. “मी मानत न्हाई,” तो म्हणाला. “अजून बी न्हाई मानत. पण राहिलेली चीज मालकाकडं गेली पायजे आणि मालक आता कुठं हाये ते मला ठाऊक न्हाई. मग तिनं जिथं ठेवली व्हती तिथं ठेवली.”

चहा आला, मी प्यालो. मला त्याची माफी मागायची होती. पण माफी मागितली असती तर त्याला काहीतरी उत्तर द्यावं लागलं असतं आणि त्याच्याजवळ द्यायला काही उरलं असेल असं मला वाटलं नाही. निघायची वेळ झाली. मी खिशातून चाळिशी काढली, तिच्याशी जरा चाळा केला आणि बाजेवर, कपबशीच्या शेजारी ठेवून दिली. त्यानं ते बघितलं. बावीस वर्षांत ह्या माणसानं मला तंबाखूची डबीसुद्धा कधी विसरू दिली नव्हती.

मी उठलो, बाहेर आलो. चपला घालायला मुद्दाम वेळ लावला. मोटारसायकलला दोनदा किक मारली, तिसऱ्यांदा सुरू झाली. गल्लीच्या कोपऱ्यावर मी मान वळवून बघितलं. भीमराज दारात उभा होता, माझी चाळिशी त्याच्या हातात होती. आता हा हाक मारणार, पळत येणार, असं मला वाटलं. मी गाडी बंद न करता तिथंच उभा राहिलो.

त्यानं चाळिशी सदऱ्याला पुसली, खिशात ठेवली आणि आत गेला. त्यानं हाक मारली नाही.